दरडीची नोंद : उष्ण कटिबंधातील नगरे आणि भूस्खलनाची परिभाषा

१

भूस्खलन हा विषय भूशास्त्रज्ञांचा आणि स्थापत्यविशारदांचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या विषयातील एक अंग असे आहे की, तेथे भाषेच्या अभ्यासकास केवळ प्रवेश आहे एवढेच नव्हे, तर काही जबाबदारीही आहे. ते अंग म्हणजे घडलेल्या घटनेची नोंद. पावसाने दरड कोसळते तेव्हा ती कोठे, केव्हा, कशी आणि किती कोसळली हे कोणीतरी पाहते, कोणीतरी सांगते आणि कोणीतरी लिहून ठेवते. पाहणे, सांगणे आणि लिहिणे या तीन क्रियांच्या दरम्यान घटनेचे जे रूपांतर होते त्यावरच पुढील सर्व गणिते उभी राहतात. धोक्याची सूचना केव्हा द्यावयाची, कोणता उतार आधी बळकट करावयाचा, कोणत्या वस्तीस हलवावयाचे, या निर्णयांचा आधार शेवटी या नोंदीच असतात. प्रस्तुत लेखात पावसामुळे घडणाऱ्या भूस्खलनाची नोंद नगरांमध्ये कशी होते, तीत कोणते दोष शिरतात आणि त्यांपैकी भाषेने निर्माण केलेले दोष कोणते, याचा विचार करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः हाँगकाँग व मुंबई या दोन नगरांची घेतली आहेत. दोन्ही नगरे उष्ण कटिबंधात मोडतात, दोन्ही समुद्रकाठची आहेत, आणि दोन्हीकडे सपाट जमीन अपुरी पडल्यामुळे माणसे डोंगराच्या उतारावर चढली आहेत.

२

प्रथम घटनेचे स्वरूप थोडक्यात पाहू. उष्ण कटिबंधात ऊन आणि पाऊस यांच्या दीर्घकालीन क्रियेने खडक खोलवर झिजून त्याची माती होते. या मातीच्या कणांमधील पोकळ्यांत काही अंशी हवा व काही अंशी पाणी असते तोवर पाण्याचा ताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. मुलांनी केलेला ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच कारणाने. पाऊस मुरत गेला की हा ताण नाहीसा होतो, पोकळ्यांतील पाण्याचा दाब वाढतो, कणांमधील घर्षण उणावते आणि उतार स्वतःचा भार सहन करू शकत नाही. नगरात यात माणसाची भर पडते. रस्त्यासाठी वा घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापलेला असतो. सैल भराव टाकून त्यावर वस्ती उभारलेली असते. गटारे तुंबलेली किंवा जमिनीखालील नळ फुटलेले असतात. म्हणून नगरातील भूस्खलन ही पूर्णपणे नैसर्गिक घटना क्वचितच असते.

पावसाची कोणती मात्रा ओलांडली असता दरडी कोसळू लागतात, हा या शास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न होय. नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने १९८० साली जगाच्या निरनिराळ्या भागांतील ७३ घटनांच्या आधारे एक किमान मर्यादा मांडली. तिचा आशय असा की, पावसाचा कालावधी जसजसा वाढतो तसतशी दरड कोसळण्यास लागणारी सरासरी तीव्रता कमी होत जाते. त्याच्या सूत्राने हिशेब केल्यास एका तासाच्या पावसाकरिता सुमारे १५ मिलिमीटर, तर चोवीस तासांच्या पावसाकरिता दर तासास सुमारे ४.३ मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे १०३ मिलिमीटर, हा आकडा येतो. आता मुंबईत पावसाळ्यात दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस एकाच मोसमात अनेकदा पडतो. त्या प्रत्येक वेळी धोक्याची सूचना दिल्यास ती दोन-चार खेपांनंतर कोणी ऐकणार नाही. आणि ज्याची रोजची मजुरी बुडते त्याने ती ऐकली नाही तर त्यास दोषही देता येणार नाही. सार्वत्रिक मर्यादा ही केवळ तळरेषा असते. नगराला स्वतःची मर्यादा स्वतःच्याच नोंदींतून काढावी लागते.

येथेच अडचण उभी राहते. या मर्यादेसाठी दोन याद्या समोरासमोर ठेवाव्या लागतात : एक पावसाची आणि दुसरी दरडींची. पहिली यादी यंत्र तयार करते, दुसरी माणसे. पर्जन्यमापक बोलत नाही, म्हणून त्याच्या नोंदीत शब्दांचा दोष नसतो. दरडीची नोंद मात्र रहिवासी, अग्निशामक दलाचा जवान, वॉर्डातील अभियंता आणि वार्ताहर यांच्या शब्दांतून येते. एका यादीची अचूकता मिलिमीटरची आणि दुसरीची 'पहाटेच्या सुमारास' अशी असेल, तर दोहोंच्या मेळातून निघालेला निष्कर्ष दुसरीइतकाच अचूक असणार, हे उघड आहे.

३

काळाच्या नोंदीचे महत्त्व हाँगकाँगच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८ जून १९७२ रोजी तेथे एकाच दिवशी दोन भीषण घटना घडल्या. साउ माउ पिंग येथे भरावाचा उतार कोसळून ७१, आणि पो शान मार्गावर डोंगरउतार घसरून ६७ माणसे मृत्युमुखी पडली. २५ ऑगस्ट १९७६ रोजी साउ माउ पिंग येथेच पुन्हा भराव कोसळला व १८ जणांचा बळी गेला. त्यानंतर १९७७ मध्ये उतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र सरकारी कार्यालय तेथे स्थापन झाले आणि त्याच वर्षी भूस्खलनाची पूर्वसूचना देण्याची पद्धती सुरू झाली.

१९७५ साली पीटर लंब यांनी हाँगकाँगमधील घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी घटनेच्या दिवसाचा पाऊस आणि त्याआधीच्या पंधरा दिवसांचा एकूण पाऊस यांची सांगड घातली. पुढे स्वयंचलित पर्जन्यमापकांमुळे पावसाचे मान अगदी अल्प कालखंडांत मोजता येऊ लागले, तेव्हा ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली निराळा निष्कर्ष मांडला. बहुसंख्य दरडी अल्पकालीन तीव्र वृष्टीने कोसळतात, तासाला सुमारे ७० मिलिमीटरच्या पुढे त्यांची संख्या व हानी एकदम वाढते, आणि आधीच्या पावसाचा वाटा मोठ्या घटनांत फारसा नसतो, असे त्यांस दिसून आले. डोंगर तेच, माती तीच. नोंदीचे एकक 'दिवस' होते ते 'तास' झाले आणि कार्यकारणाचे चित्र पालटले. लंब यांचे विवेचन चुकीचे होते असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्या हाती असलेल्या नोंदीस जे सांगता येत होते तेच त्यांनी सांगितले, असे म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल.

मुंबईत या प्रश्नाला भाषेची आणखी एक बाजू आहे. भारतीय हवामानखात्याचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळी मागील चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. वृत्तपत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो. आणि मराठी बोलणाऱ्याचा दिवस परंपरेने सूर्योदयाला सुरू होतो. म्हणून रात्री एक वाजता घडलेली घटना त्याच्या मनात 'कालच्या रात्रीची' असते. जुलै २०२१ मध्ये चेंबूर येथील भारतनगरात झालेली दुर्घटना रविवार, दिनांक १८ रोजी मध्यरात्र उलटल्यानंतरची. पण बोलण्यात ती सहज 'शनिवारी रात्रीची' होते. नोंद करणाऱ्याने 'शनिवार' या शब्दावरून १७ तारीख लिहिली आणि दुसऱ्याने ती तारीख पर्जन्यनोंदीतील १७ तारखेशी जुळविली, तर दरडीच्या वाट्यास आदल्या सकाळी संपलेला पाऊस येईल. ज्या पावसाने ती कोसळली तो नव्हे. 'काल', 'आज पहाटे', 'रात्री उशिरा' या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावर व वेळेवर अवलंबून असतो, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. येथे त्या पाठाचा उपयोग माणसे वाचविण्यासाठी होऊ शकतो.

काळाप्रमाणेच स्थळाचेही आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अवधीत कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर. त्या दिवशी साकीनाका येथे दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. 'मुंबईत इतका पाऊस झाला' या वाक्यातील 'मुंबईत' हे पद अशा वेळी निरर्थक ठरते.

४

आता घटनेच्या नावाकडे वळू. मराठीत 'दरड' म्हणजे मुळात नदीचा वा डोंगराचा उभा, तुटलेला काठ. 'दरड कोसळली' या प्रयोगात जो उभा होता तोच पडतो. परंतु पुढे 'रस्त्यावर दरड आली', 'दरड उपसली' असे म्हटले जाते, तेव्हा दरड म्हणजे खाली आलेला ढिगारा असतो. एकच शब्द कड्याचाही आणि राशीचाही वाचक झाला. ब्राझीलच्या ईशान्य भागातील रेसिफे या नगरात डोंगराच्या कापलेल्या उतारास लोक 'बारेइरा' म्हणतात आणि घटनेचे वर्णन 'बारेइरा पडली' असे करतात. हे साम्य उद्बोधक आहे. उलट हाँगकाँगच्या चिनी बोलीतील रूढ संज्ञेचा शब्दार्थ 'डोंगराची माती ओतली जाणे' असा होतो. त्यात कडा नाही, प्रवाह आहे. शासकीय मराठीत आलेला 'भूस्खलन' हा संस्कृत शब्द या सर्वांहून भिन्न. स्खलन म्हणजे घसरणे किंवा पाय चुकणे. रेसिफेकराने पडणे पाहिले, हाँगकाँगकराने ओतणे पाहिले आणि संस्कृतज्ञाने घसरणे पाहिले. यात सारेच खरे आहेत, कारण प्रत्यक्षात या तिन्ही क्रिया घडतात. परंतु त्या एकच नव्हेत, आणि त्यांवरील उपायही एक नव्हेत.

डेव्हिड व्हार्न्स यांनी १९५८ साली मांडलेले आणि १९७८ साली सुधारलेले वर्गीकरण आज जगभर आधारभूत मानले जाते. त्याची रचना भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने मोठी मार्मिक आहे. प्रत्येक घटनेचे नाव दोन पदांचे : पहिले पद द्रव्याचे, दुसरे क्रियेचे. द्रव्य तीन प्रकारचे : खडक, दगडमातीचा राडारोडा आणि माती. क्रिया मुख्यतः पाच प्रकारच्या : पडणे, उलथणे, सरकणे, पसरणे आणि वाहणे. अशा रीतीने 'खडक पडला', 'राडारोडा वाहिला', 'माती सरकली' ही प्रत्येक स्वतंत्र संज्ञा होते. म्हणजे हे वर्गीकरण वस्तुतः एक लहानसे वाक्यच आहे, कर्ता आणि क्रियापद असलेले.

मराठीजवळ या कामासाठी क्रियापदांची उणीव नाही. कोसळणे, ढासळणे, खचणे, सरकणे, घसरणे, घरंगळणे, कलंडणे, लोंढ्याने येणे यांतील भेद डोंगरउतारावर राहणारा माणूस नेमका जाणतो. दगड घरंगळतो, भिंत कलंडते, अंगण खचते, माती सरकते, चिखलाचा लोंढा येतो. यांतील एकाची जागा दुसरे सहसा घेत नाही. परंतु ही वाक्ये नोंदवहीत पोहोचतात तेव्हा सर्वांचे 'भूस्खलन झाले' होते. ज्या भाषेत क्रियेचा भेद जिवंत आहे तिच्यातून माहिती घ्यावयाची आणि ज्या शब्दात तो भेद नाही त्यात ती साठवावयाची, असा हा व्यवहार आहे. विशेषतः 'खचणे' या क्रियापदाची उपेक्षा घातक ठरते, कारण अंगण खचणे वा जमिनीस भेग पडणे ही पुष्कळदा मोठ्या घटनेची पूर्वखूण असते. ती 'भूस्खलन' या नावात बसत नाही, म्हणून लिहिली जात नाही.

या प्रश्नाची जाणीव शास्त्रज्ञांना नव्हती असे नाही. युनेस्कोच्या सहकार्याने जगातील भूस्खलनांची सूची करण्यासाठी नेमलेल्या कार्यगटाने १९९३ साली एक बहुभाषिक शब्दावली प्रसिद्ध केली. सूचीच्या आधी शब्द निश्चित करावे लागतात, हा तिचा बोध आहे.

५

याहून गंभीर प्रश्न सीमारेषेचा आहे : कोणत्या घटनेस भूस्खलन म्हणावयाचे आणि कोणत्या नाही? २३ जुलै १९९४ रोजी हाँगकाँगमध्ये क्वुन लुंग लाउ येथे एक जुनी दगडी संरक्षक भिंत तिच्यामागील मातीसह कोसळली व पाच जण दगावले. तिची नोंद भूस्खलन म्हणूनच झाली. चौकशीत जमिनीखालील सदोष नाल्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचा त्या कोसळण्याशी संबंध असल्याचे आढळले, आणि त्यानंतरच्या काळात तेथे भूस्खलनांची पद्धतशीर तपासणी सुरू झाली. हाँगकाँगमध्ये नोंदविलेल्या सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांपैकी प्रत्येकास क्रमांक आहे आणि त्या क्रमांकातच एक अक्षर असे असते की, त्यावरून तो उतार कापलेला आहे, भरावाचा आहे की संरक्षक भिंतीचा आहे, हे कळते. भिंत हा तेथे उताराचाच एक प्रकार मानला आहे. त्यामुळे ती पडली की प्रश्न उताराचा होतो.

मुंबईत पावसाळी दिवसाचे वृत्त वाचणाऱ्यास एक ठरावीक यादी परिचयाची आहे : इतकी झाडे पडली, इतक्या ठिकाणी शॉर्ट सर्किट झाले, इतक्या ठिकाणी घर किंवा भिंत कोसळली. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात डोंगराचा भाग वस्तीवर येऊन साठांहून अधिक माणसे मेली. त्या घटनेस निःसंशय 'दरड' म्हटले गेले. परंतु २०२१ साली चेंबूरच्या भारतनगरात उतारावरील भिंत झोपड्यांवर पडली, तेव्हा काही वृत्तांत 'भिंत कोसळली', काहींत 'दरड कोसळली', तर काहींत दोन्ही असे लिहिले गेले. डोंगराची माती व पाणी यांच्या दाबाने भिंत पडली असेल तर भिंत हे त्या घटनेचे शेवटचे रूप होय, कारण नव्हे. 'भिंत कोसळली' या वाक्यात कर्ता भिंत आहे. मागचा डोंगर, तुंबलेली गटारे, उतार कापणारा हात हे सारे वाक्याबाहेर राहतात. अकर्मक क्रियापदाची ही सोय व्याकरणात निरुपद्रवी असली तरी नोंदवहीत तिचा परिणाम असा होतो की, बळी एका रकान्यात जातात आणि उपाय दुसऱ्या रकान्यासाठी आखले जातात. नाव बदलले की उत्तरदायित्व बदलते, आणि म्हणूनच नावाचा निर्णय घटनास्थळी घाईने होता कामा नये.

६

नोंदीचा तिसरा दोष वगळण्याचा. मृत्यू झाला तर बातमी होते. माती सरकून नुसती मोरी बुजली तर होत नाही. परंतु मर्यादा ठरविण्यासाठी बुजलेली मोरी आणि गाडले गेलेले घर यांचे मोल बरेचसे सारखे आहे. लाटिन अमेरिकेतील 'ला रेड' या अभ्यासकांच्या मंडळाने १९९४ पासून 'देसइन्व्हेंतार' ही आपत्तिनोंदींची पद्धती विकसित केली. तिचा भर लहान व मध्यम घटनांवर असून स्थानिक वृत्तपत्रे हे तिचे एक मुख्य साधन आहे. प्रत्येक घटनाप्रकाराची व्याख्या नोंदीपूर्वीच निश्चित केलेली असते. दुसऱ्या बाजूस, मेलनी फ्रूड आणि डेव्हिड पेटली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासात २००४ ते २०१६ या काळातील भूकंपाव्यतिरिक्त कारणांनी झालेल्या ४,८६२ प्राणघातक घटना आणि ५५,९९७ मृत्यू नोंदविले आहेत. हे काम अत्यंत मोलाचे आहे. तरीही त्याचा आधार प्रामुख्याने इंग्रजी वृत्ते हा आहे. जिल्हा-आवृत्तीच्या एका स्तंभात मराठीत, कन्नडात किंवा कोंकणीत छापलेली एका माणसाच्या मृत्यूची बातमी अशा सूचीपर्यंत पोहोचेलच असे नाही. जगाच्या नकाशावर एखादा डोंगर निर्धोक दिसतो तो कधीकधी केवळ तेथील भाषा कोणी वाचली नाही म्हणून.

आणखी एक नोंद जवळजवळ कोठेच होत नाही : मोठा पाऊस झाला आणि काहीही घडले नाही, ही. मर्यादेच्या वर व खाली काय होते हे दोन्ही कळल्याशिवाय मर्यादा सिद्ध होत नाही. रिकामा रकाना 'घटना नाही' असे सांगतो की 'पाहिले नाही' असे, हे ओळखता आले पाहिजे.

७

वरील विवेचनावरून नोंदीचे काही नियम सुचविता येतात. पहिला, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहावे आणि शास्त्रीय संज्ञा त्यांच्या शेजारी, स्वतंत्र रकान्यात लिहावी. संज्ञा पुढे बदलता येते, पुसलेले शब्द परत मिळत नाहीत. दुसरा, वेळ एका क्षणात न लिहिता 'इतक्यानंतर आणि इतक्यापूर्वी' अशा दोन टोकांनी लिहावी, व तारीख घड्याळाच्या हिशेबाने निश्चित करावी. तिसरा, द्रव्य आणि क्रिया यांची निरनिराळी नोंद करावी. चौथा, जे पाहिले ते आणि जे कारण वाटते ते यांत रेघ ओढावी. 'भिंत पडली' हे निरीक्षण आहे, 'भिंतीमुळे माणसे मेली' हा निष्कर्ष आहे. पाचवा, खचणे, भेग पडणे, झरा फुटणे, दार अडकणे या पूर्वखुणांस आणि काही न घडल्याच्या दिवसांसही नोंदवहीत स्थान द्यावे.

या कामात भाषाविभागांच्या विद्यार्थ्यांना पुष्कळ करण्यासारखे आहे. जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या संचिका चाळून नगरवार घटनांची यादी करणे, उतारावरील वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या मराठी, हिंदी, तमिळ, भोजपुरी इत्यादी भाषांतील संबंधित क्रियापदे गोळा करणे आणि व्हार्न्सच्या वर्गांशी त्यांचा मेळ घालणे, ही कामे अभियंत्याच्या एकट्याच्या आवाक्यातील नव्हेत.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. नोंदीचा उपयोग केवळ घरे रिकामी करविण्यासाठीच होतो अशी समजूत एकदा रुजली की, भिंतीतील भेगा सांगितल्या जात नाहीत, लिंपल्या जातात. रिओ द जानेरोमध्ये २०११ पासून शंभराहून अधिक उतारवस्त्यांत भोंगे बसविण्यात आले आहेत. पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते वाजतात आणि लोक जवळच्या ठरलेल्या आश्रयस्थानी जातात. ही व्यवस्था ज्या मर्यादेवर चालते ती मर्यादा नोंदींतून येते, आणि नोंदी शेवटी त्याच लोकांच्या तोंडून येतात. ज्याने आपल्या अंगणातील भेग सांगितली त्याला त्या सांगण्याचा लाभ मिळाला पाहिजे. तरच पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा सांगेल. पर्जन्यमापकाची देखभाल आपण काळजीने करतो; दरडीच्या यादीत माणसाचा शब्द हेच यंत्र आहे, आणि त्याची निगाही तितक्याच काळजीने राखली पाहिजे.